तोवर गल्ला कोण बघणार?

शिर्डीच्या मशिदीत, म्हणजे द्वारकामाईत, काका महाजनी एका कोपऱ्यात पाण्यानं भरलेला तांब्या ठेवत. साईसच्चरिताच्या तेराव्या अध्यायात ही हकिगत येते. महाजनी मुंबईचे, ठक्कर धरमसी जेठाभाई या सॉलिसिटरांकडे नोकरीला. शिर्डीत असताना त्यांना जुलाब लागले. बाबांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून त्यांनी ही सोय केली होती. कळ आली की तांब्या उचलायचा, बाहेर जाऊन यायचं आणि पुन्हा येऊन बसायचं. दुखण्याबद्दल ते बाबांपाशीही बोलले नाहीत.

एके दिवशी मशिदीपुढे फरसबंदीचं काम निघालं. कुदळ पडते न पडते तोच बाबा खवळले आणि माणसांची पांगापांग झाली. महाजनीही निघाले होते, पण बाबांनी त्यांना हात धरून खाली बसवलं. पळापळीत कुणाचीतरी शेंगदाण्यांची पिशवी मागे राहिली होती. बाबांनी मूठभर दाणे हातावर चोळले, फुंकरीनं टरफलं उडवली, महाजनींना दिले आणि स्वतःही खाल्ले. मग पाणी मागवून दोघं प्यायले. जुलाब थांबले, असं अध्याय सांगतो.

भाविक या प्रसंगात बाबांचा शब्द पाहतात, आणि ते त्यांच्या जागी ठीकच आहे. शेंगदाणे काही जुलाबावरचं औषध नव्हे. मला या गोष्टीत तो तांब्या महत्त्वाचा वाटतो. काम न सोडता पोट सांभाळायचं तर किती थोडं लागतं, हे त्यातून दिसतं: पाणी हाताशी, जागा दाराजवळ, आणि उठताना कुणाला विचारायची गरज नाही. महाजनींचं दुखणं थोड्या दिवसांचं होतं. हेच दुखणं वर्षानुवर्षं अंगाला चिकटलं आणि पुढ्यात गिऱ्हाइकांची रांग असली, तर काय करायचं?

राहाता तालुक्यात हा प्रश्न जास्तच बोचतो, कारण इथली पुष्कळ माणसं गिऱ्हाइकासमोर उभं राहून पोट भरतात. राहाता गावापासून शिर्डी जेमतेम पाच-सहा किलोमीटर. लॉजच्या रिसेप्शनवर, हारफुलांच्या आणि पेढ्यांच्या दुकानांत, हॉटेलांच्या गल्ल्यांवर, मेडिकलमध्ये, नगर-मनमाड रस्त्याकडेला पेरूच्या पाट्या मांडून बसलेली, अशी ही सगळी माणसं. तिथं कामाचा वेग ठरतो तो दर्शनाच्या वेळांवर. गुरुवारी पालखी, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसऱ्याची पुण्यतिथी आणि नाताळापासून नव्या वर्षापर्यंतची झुंबड. मालक सुट्टी देत नाही तेही याच दिवसांत.

लॉजच्या काउंटरवरचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. सकाळचे साडेसात. नाशिकहून आलेलं आठ जणांचं कुटुंब, दोन खोल्या हव्यात, आजींना तळमजल्यावरची हवी. मुलाच्या एका हातात आधार कार्डांची चळत, दुसऱ्या हातात रजिस्टर. तेवढ्यात ओटीपोटात कळ येते. साधी ‘जाऊन यायला हवं’ अशी नव्हे. या कळेला दोन-तीन मिनिटांची मुदत असते. कर्मचाऱ्यांचा संडास मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीपलीकडं. गल्ल्यात रात्रीची रोकड. ड्रॉवर उघडा टाकता येत नाही आणि कुलूप लावत बसायला वेळ नाही. आठ तोंडं त्याच्याकडं बघत असतात. तो घामाघूम होतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा भाव लपवतोय.

त्याला त्या क्षणी रक्ताची भीती वाटत नाही की आतड्याचीही नाही. तोवर गल्ला कोण बघणार, हीच त्याची भीती असते. संध्याकाळी हिशेबात दोनशे रुपये कमी आले तर बोट त्याच्याकडंच जाणार. डॉक्टरांच्या खोलीत या प्रश्नाचा उल्लेखही होत नाही, आणि अशी माणसं नोकरी सोडतात ती बहुधा याच प्रश्नापायी.

आता त्या दोन-तीन मिनिटांकडं वळू. मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग म्हणजे गुदाशय. निरोगी माणसात तो मल आला की सैलावतो, जागा करून देतो आणि मेंदूला सावकाश निरोप धाडतो: सवडीनं जा. त्याच्या अस्तराला सूज आली, व्रण पडले, की तो ताठर आणि हळवा होतो. चमचाभर आंव किंवा नुसता वारा आला तरी निरोप जातो तो आणीबाणीचा. म्हणूनच पंधरा मिनिटांपूर्वी जाऊन आलेल्या माणसाला पुन्हा धावावं लागतं, आणि तिथं गेल्यावर हाती लागतं थोडं रक्त, थोडी आंव. ‘मघाशीच गेला होतास की’ म्हणणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं.

या सुजेचे दोन मुख्य आजार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढतो. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता तो राहतो. क्रोन्सचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, मधेमधे जागा सोडून होतो आणि आतड्याची भिंत आरपार धरतो. त्यामुळं आतडं अरुंद होणं, भगंदर होणं हे त्याच्या वाट्याला येतं. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी तो एका निबंधात मांडला. नावांची वर्णानुक्रमे मांडणी झाली आणि आजाराला नाव क्रोन यांचं लागलं. तिसरा आहे आयबीएस. त्यात व्रण नसतात, रक्त पडत नाही, तपासण्या साफ येतात. पण आतड्याची चाल आणि जाणीव बिघडलेली असते. त्यानं जिवाला धोका नसला तरी काउंटरवरची धावपळ तीच.

आपल्याकडं या आजारांची ओळख पटायलाच वर्षं जातात. रक्त दिसलं की घरचे म्हणतात मूळव्याध, आणि बसस्टँडच्या भिंतीवर ‘बिना ऑपरेशन’वाल्याचा नंबर रंगवलेला असतोच. आंव पडली की अमिबा म्हणून मेट्रोनिडाझोलचा कोर्स, महिन्याभरानं पुन्हा तोच. काही डॉक्टर कुठल्याही बिघडलेल्या पोटाला ‘कोलायटिस’ म्हणून मोकळे होतात, त्यामुळं खरा कोलायटिस झालेल्या माणसालाही तो शब्द किरकोळ वाटतो. आणखी एक अडचण खास आपल्या देशाची आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांच्यात दुर्बिणीतून आणि बायोप्सीतूनही गल्लत होऊ शकते. कधी कधी आधी क्षयाची औषधं देऊन, दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून, व्रण भरले का ते पाहावं लागतं. डॉक्टर उगाच वेळ काढतायत असं पेशंटला वाटतं, पण यात घाई केली तर ती महागात पडते; क्षय असताना क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर क्षय पसरतो.

हा श्रीमंतांचा, गोऱ्या देशांचा आजार आहे, ही समजूतही मोडायला हवी. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघर जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली आणि २००३ साली ‘गट’ या नियतकालिकात ती छापली: लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. पंजाबचा आकडा जसाच्या तसा नगर जिल्ह्याला लावता येणार नाही, पण अंदाजापुरता लावला तर तीन लाखांवर वस्तीच्या राहाता तालुक्यात सव्वाशे-दीडशे माणसं निघतील. त्यातली किती जण आज मूळव्याधीचं चूर्ण खात असतील, कोण जाणे.

मलातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी सूज आहे की नाही हे बऱ्यापैकी सांगते. खात्री होते ती कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीनं. तालुक्यातच लोणीला प्रवरेचं वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठं रुग्णालय आहे, त्यामुळं पहिल्या पायरीसाठी पुण्याला धावायला नको.

औषधांची कहाणी गमतीशीर आहे. स्वीडनच्या नॅना स्वार्ट्झ या डॉक्टरीणबाई सांधेदुखीवर औषध शोधत होत्या. त्यातून निघालेलं सल्फासॅलझिन १९४०च्या सुमाराला आतड्याच्या सुजेवर लागू पडलं. पुढं त्यातला कामाचा भाग वेगळा काढून मेसालामिन आलं. १९५५ मध्ये ट्रुलव्ह आणि विट्स या ब्रिटिश डॉक्टरांनी कॉर्टिझोनची चाचणी छापली आणि भडकलेला कोलायटिस विझवता येतो हे दाखवलं. नंतर अझाथायोप्रिन आणि १९९८ पासून इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक इंजेक्शनं आली. ती महाग खरी, पण डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कॅडिलानं अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर भारतात आणलं आणि किंमत थोडी आवाक्यात आली.

उभ्यानं काम करणाऱ्यांनी यातल्या दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. पोट बरं झालं म्हणून मेसालामिनची गोळी सोडायची नाही. सोडणाऱ्यांचा आजार उलटण्याची शक्यता घेणाऱ्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. आणि दिवसभर उभं राहून पाय-कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून गिळायचं नाही. या गोळ्या आतड्याची सूज भडकवू शकतात. पॅरासिटामॉल त्या मानानं बरं. गुदाशयापुरता आजार असेल तर रात्री झोपताना घ्यायची मेसालामिनची बत्ती किंवा एनिमा तोंडातून घ्यायच्या गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. लोक त्याला नाक मुरडतात. पण सकाळची पहिली घाई त्यानंच कमी होते, आणि काउंटरवाल्याला सकाळ म्हणजे सगळं काही.

सकाळीच का? तर पोटात अन्न किंवा गरम चहा पडला की मोठ्या आतड्याला धक्का मिळतो, आणि ही प्रतिक्रिया सकाळी सगळ्यांत जोरात असते. तिला थांबवता येत नाही, वेळ मात्र बदलता येते. आठला दुकान उघडायचं असेल तर चहा-नाश्ता साडेपाच-सहाला, घरी. दोन-तीन फेऱ्या घरातच उरकतात. दुकानात पोचल्यावर पुन्हा ‘कटिंग’ घेतला की सगळं मुसळ केरात. दुपारचा डबा एकदम न संपवता अर्धा-अर्धा खाल्ला तर कळ सौम्य येते.

पुष्कळ जण मात्र भलताच मार्ग धरतात: जेवायचंच नाही, पाणी प्यायचंच नाही. नगर जिल्ह्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या टपरीखाली, रक्त पडत असताना हा उपाय म्हणजे चक्कर येऊन पडायची तयारी. आतड्याच्या आजारात मुतखड्याचा धोका मुळातच जास्त, त्यात पाण्याची टंचाई. जुलाब चालू असले तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली गल्ल्याखाली ठेवावी आणि घोट घोट घ्यावी.

खाण्याच्या बाबतीत सरसकट पथ्याची यादी कुणी हातात दिली तर मी ती जपूनच वाचीन. एकाला दूध सोसत नाही, दुसऱ्याला सोसतं. आजार भडकलेला असताना मिसळ, शेव, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्ची कोशिंबीर बंद. मऊ भात, मुगाची खिचडी, ताक सोसेल तर ताक. शांत असताना बहुतेकांना घरातलं सगळं चालतं. अपवाद आतडं अरुंद झालेल्या क्रोन्सच्या पेशंटचा, आणि राहात्यात तर तो जिव्हारी लागणारा: त्यानं पेरू बियांसकट खायचा नाही. दिवसभर पेरूच्या पाट्या विकायच्या, गिऱ्हाइकाला मीठ-तिखट लावून फोड चाखायला द्यायची, आणि आपण मात्र साल-बिया काढलेला गर, तोही डॉक्टर हो म्हणाले तर. गिऱ्हाईक विचारणारच, ‘तुम्ही का खात नाही, औषध मारलंय का?’

आता मालकाला सांगायचं की नाही? शहरातल्या कंपनीत यासाठी एचआर असतं. राहात्या-शिर्डीत मालक भावकीतला असतो, नाहीतर वडिलांच्या ओळखीचा. त्याला सांगितलं की बाजारपेठेला कळलं, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर सोयरिकीपर्यंत पोचलं. म्हणून तरणी मुलं-मुली वर्षानुवर्षं ‘पित्त झालंय’वर वेळ मारून नेतात. यावर उतारा एकच दिसतो: आजाराचं नाव सांगायचं नाही, गरज सांगायची. ‘शेठ, मला आतड्यांचा त्रास आहे, औषध चालू आहे, दुसऱ्याला लागणारा नाही. दिवसातून एखाद-दोन वेळा लगेच उठावं लागतं, पाच-सात मिनिटं. तेवढ्यात गल्ला सुनीलनं बघावा, असं आमचं ठरलंय.’ शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. मालकाला अडचण ऐकायला आवडत नाही. अडचणीसोबत तोडही आली तर तो सहसा हो म्हणतो.

‘दुसऱ्याला लागणारा नाही’ हे मुद्दाम म्हणायचं, विशेषतः हॉटेलात आणि पेढ्यांच्या दुकानात. कोलायटिस किंवा क्रोन्स हाताला हात लागून होत नाही, पेढ्यातून तर नाहीच. साथीच्या जुलाबाची गोष्ट वेगळी. तेव्हा अन्नाला हात न लावता घरीच थांबायला हवं.

गल्ल्याची भीती अलीकडं थोडी कमी झाली आहे, आणि ते श्रेय डॉक्टरांचं नाही. क्यूआर कोड आणि पैसे जमा झाल्याचं मोठ्यानं सांगणारा तो डबा आल्यापासून निम्म्याहून जास्त पैसा ड्रॉवरमध्ये येतच नाही. शेजारचा दुकानदारही पाच मिनिटं नजर ठेवू शकतो. गिऱ्हाइकाला काय सांगायचं? ‘बसा, आलोच’ एवढंच. कारण सांगत बसलं की गिऱ्हाईकही अवघडतं.

एसटीच्या कंडक्टरचं मात्र खरंच अवघड. गळ्यात तिकिटाचं यंत्र आणि रोकडीची बॅग, पुढचा स्टँड अर्ध्या तासावर, आणि रस्ता नगर-मनमाड. त्याची सगळी भिस्त ड्रायव्हरवर. दोघांचं जमत असेल तर गाडी ढाब्यापाशी थांबते, नसेल तर नाही.

कायद्याचा आधार तुटपुंजा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत, त्यांत आतड्याच्या सुजेचे आजार नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं कामगारांसाठी स्वच्छतागृह मालकावर बंधनकारक केलं, वर्षाला आठ किरकोळ रजा दिल्या; पण तो कायदा मुळातच दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांपुरता होता. शिर्डीच्या गल्लीतल्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला तो कधी शिवलाच नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ॲली बेन या क्रोन्सचा आजार असलेल्या शाळकरी मुलीला एका दुकानानं कर्मचाऱ्यांचा संडास वापरू दिला नाही. त्यातून २००५ साली तिच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. अशा गिऱ्हाइकाला दुकानातला संडास वापरू द्यावाच लागतो. आपल्याकडं प्रश्न उलटा आहे. दुकानात उभ्या असलेल्या माणसालाच संडास नाही. कोळिकोडच्या बाजारातल्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांचं असंच होतं. दिवसभर जायला जागा नाही म्हणून त्या पाणीच पीत नसत. पी. विजी यांच्या ‘पेणकूट्ट’ या संघटनेनं आधी संडासासाठी आणि मग बसायच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ मध्ये केरळनं कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तेच केलं. या बायका बहुतेक धडधाकट होत्या. त्यांच्यासाठी बांधलेला संडास कोलायटिसच्या पेशंटला आपोआप मिळतो, आणि त्याला तोंड उघडून आपलं दुखणं सांगावं लागत नाही. आजाऱ्यांसाठी म्हणून वेगळी सवलत मागण्यापेक्षा हा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो.

मोठ्या पदावरच्या माणसालाही हा आजार सोडत नाही. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ मध्ये त्यांनी पद सोडलं, नवं औषध लागू पडल्यावर २०१२ मध्ये ते परत आले, जपानच्या इतिहासात सर्वाधिक काळ त्या पदावर राहिले, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये आजार उलटला तेव्हा पुन्हा राजीनामा जाहीर केला. त्यांना पत्रकार परिषद घेऊन सांगता आलं. लॉजवरच्या मुलाला महिन्याचा पगार सोडून घरी बसणं परवडत नाही, म्हणून तो भडकलेल्या आजारातही उभा राहतो.

पण कधी उभं राहायचं नाही, हेही ठरलेलं असावं. ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्येच खूण घालून दिली आहे आणि ती आजही वापरतात: दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्याच्या जोडीला ३७.८ अंश सेल्सिअसवर ताप, किंवा नाडी मिनिटाला नव्वदच्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली. यांतलं एक जरी जुळलं तरी दाखल व्हायचं, त्याच दिवशी. पोट फुगून टणक झालं असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी चुकूनही घ्यायची नाही. सुजलेलं आतडं तिनं आणखी फुगू शकतं. गुरुवारची गर्दी उरकल्यावर बघू, असं म्हणायचं नाही. निघताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्यायच्या, आणि स्टिरॉइड चालू असेल तर किती मिलिग्रॅम आणि कधीपासून, हे डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगायचं.